परदेशी पाहुणी, भाड्याची गाडी आणि उमरेडमध्ये चमकलेलं दार

तारा विमानतळावरून घरी आली, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "काका, मले गाडी भाड्यानं पाहिजे. ड्रायव्हर नको. मीच चालवीन."

तारा ही माझा मावसभाऊ शरद याची मुलगी. जन्म जर्मनीतला, पासपोर्ट जर्मन, लायसन जर्मन आणि मराठी मात्र थेट उमरेडची. ती तिला बापानं शिकवली आणि बापाला दुसरी येत नव्हती. मी जन्म नागपुरात काढला, पण घरात संस्कृत पाठशाळेचं वळण, म्हणून मी "मला" म्हणतो. ही स्टुटगार्टची पोर "मले" म्हणते. भाजीवाले तिच्याशी मोकळेपणानं बोलतात आणि मला विचारतात, "साहेब, तुम्ही पुण्याचे का?"

गाडी कशाला, हे मला ठाऊक होतं. शरदची मोठी बहीण सुमनताई उमरेडला राहते. तरुणपणी शरदनं तिला शब्द दिला होता की पहिली गाडी घेईन आणि तुला रामटेकला नेईन. मग तो जर्मनीत गेला. तिकडे गाड्या आल्या, गेल्या, बहीण इकडेच. सुमनताई रामटेकला एसटीनं कितीदा तरी जाऊन आली आहे, पण कोणाच्या मोटारीत म्हणून बसली नाही. माझ्याही नाही. "शरदच्या गाडीत बसीन," एवढंच तिचं उत्तर. आता शरदच्या हृदयाचं दुखणं असं की डॉक्टर विमानात बसू देत नाहीत. त्यानं मुलगी पाठवली. ताराच्या हातात तीनच दिवस होते.

आता कामाचं. परदेशी पाहुण्याला नागपुरात स्वतः चालवायला गाडी मिळते. त्याच्या देशाचं मूळ लायसन, तिथूनच काढून आणलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, पासपोर्ट आणि व्हिसा एवढं लागतं. परवाना घरून निघण्याआधीच काढायचा, इथे आल्यावर मिळत नाही. छोटी ऑटोमॅटिक गाडी आम्हाला दिवसाला अडीच-तीन हजारांच्या घरात पडली, अनामत वेगळी. अशा गाडीची नंबरपाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात, त्यामुळे चौकातला हवालदार आधी पाटीकडे आणि मग चालवणाऱ्याकडे जरा जास्तच प्रेमानं पाहतो.

गाडी देणाऱ्या ऑफिसातले गृहस्थ म्हणजे वाघमारे. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, बोलणं मोजकं. त्यांनी विम्याचे कागद पुढे केले. मी असे कागद डोळे मिटून सही करणाऱ्या पिढीतला. तारानं खुर्ची ओढली, पेन काढलं आणि वाचायला बसली. विमा हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि तिकडे त्याच्या मुळाशी भीती आहे. संस्कृतात याहून गोड शब्द आहे, योगक्षेम. नसलेलं मिळवायचं तो योग, असलेलं सांभाळायचं तो क्षेम. त्या कागदांत योगाबद्दल अवाक्षर नव्हतं. क्षेमाबद्दल मात्र पानंच्या पानं होती.

तिनं विचारलेले प्रश्न इथे लिहून ठेवतो, कोणाच्या तरी उपयोगी पडतील. दुसऱ्याला इजा झाली तर त्याचा विमा गाडीबरोबर येतोच, कायद्यानं सक्तीचा आहे. आपल्या हातातल्या गाडीला काही झालं तर ठराविक रकमेपर्यंत भार आपला; रोजचे थोडे जास्त पैसे भरले की तो भार कमी होतो. तारानं ते भरले. टायर, काच, गाडीचं पोट आणि हरवलेली किल्ली त्यात येत नाही. कागदावर ज्याचं नाव त्यानंच चालवायचं. प्रवासी विमा काढून आलेल्या पाहुण्यांना वाटतं की त्यात सगळं आलं. पण तो त्यांच्या हातापायांचा असतो, गाडीच्या दारांचा नव्हे. आणि शेवटचं कलम: गाडीला काही लागलं तर लगेच कळवायचं, फोटो काढायचे आणि कंपनीनं पाहण्याआधी दुरुस्ती करायची नाही.

"हे शेवटचं कडक आहे," वाघमारे म्हणाले.

"बरोबर आहे न," तारा म्हणाली. "मंग तुम्हाले समजन कसं काय झालं ते?"

वाघमारेंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. बहुधा असं गिऱ्हाईक त्यांना नवीन असावं. मग दोघांनी गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढला, मी मागून फिरलो, कारण सगळे फिरत होते.

उमरेडला रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून इतवारीत सुमनताईसाठी लुगडं घ्यायचं ठरलं. ही कल्पना माझी. ज्यांना परदेशी चालकाची परीक्षा घ्यायची असेल त्यांनी इतवारी जरूर निवडावी. धान्याच्या पोत्यांचे हातठेले, टेम्पो, भांड्यांच्या दुकानांतून रस्त्यावर आलेली घागरींची चळत, आणि या सगळ्यात उलट्या दिशेनं येणारा एक शांत माणूस, ज्याच्या डोक्यावर पितळी परात होती. मी पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होतो. तारा ठेल्याच्या मागे ठेल्याच्या वेगानं चालली, हॉर्न वाजवला नाही. ठेलेवाल्यानं मागे वळून पाहिलं आणि बाजूला झाला. आवाज न करणाऱ्या गाडीची त्याला काळजी वाटली असावी.

उमरेडचा रस्ता आता फार छान झाला आहे. एसटीनं गचके खात गेलेल्यांनी एकदा तरी जाऊन यावं. फक्त कोळशाच्या ट्रकांपासून अंतर ठेवायचं. थोड्याच वेळात गाडीवर काळसर धुळीचा थर बसला आणि पांढरी गाडी राखाडी झाली.

सुमनताईचं घर जुन्या विणकरांच्या गल्लीत. मागाचा आवाज आता एखाद्याच घरातून येतो, पण गल्ली तेवढीच अरुंद आणि तेवढीच एकमेकांच्या ताटात डोकावणारी. गाडी दारासमोर उभी राहिली तेव्हा अर्धी गल्ली बाहेर होती. सुमनताईनं ताराच्या गालांवरून हात फिरवला, मग गाडीच्या टपावरून.

"शरदचीच आहे समजा," ती गल्लीला म्हणाली. गल्लीनं तसं समजून घेतलं.

जेवण वडाभाताचं. वर कढत तेलाची फोडणी, सोबत पाटवडीचा रस्सा. एवढं झाल्यावर वामकुक्षी टाळणं हा शास्त्राचा अपमान ठरला असता. मी ओसरीवर आडवा झालो, तारा आतल्या खोलीत. यापुढचं मी झोपेत होतो तेव्हाचं, मागाहून ऐकलेलं.

समोरच्या घरातला प्रकाश ई-रिक्षा चालवतो. त्यानं रिक्षा मागे घेतली आणि ती ताराच्या गाडीच्या मागच्या डाव्या दारावर टेकली. टेकली हा प्रकाशचा शब्द. पोळीएवढा खळगा पडला. आता पाहुणीच्या गाडीला आपल्या गल्लीत मार लागणं म्हणजे काय, हे ज्यांना कळत नाही त्यांना समजावणं अवघड आहे. कोणी आम्हाला उठवलं नाही. सुमनताईनं सगळ्यांना गप्प केलं आणि बसस्टँडजवळच्या सलीमभाई डेंटरला बोलावणं धाडलं. पोरगी उठायच्या आत तिच्या गाडीवर ओरखडा राहता कामा नये. सलीमभाई अवजारांच्या पेट्या घेऊन आले. आवाज होऊ नये म्हणून हातोडीला फडकं गुंडाळून काम केलं. गल्लीतल्या बायकांनी त्यांना आळीपाळीनं चहा दिला. पैसे त्यांनी घेतले नाहीत. "मेहमान की गाडी है," म्हणाले.

उन्हं उतरल्यावर तारा बाहेर आली. तिची एक सवय आहे, गाडीला हात लावण्याआधी ती एक चक्कर मारते. ती मारली आणि डाव्या बाजूला थांबली.

सगळ्या गाडीवर उमरेडची धूळ होती आणि मागचं डावं दार आरशासारखं चमकत होतं. त्यात तिला स्वतःचा चेहरा दिसत होता आणि मागे उभी असलेली गल्ली.

"आत्या, हे दार कोणं पुसलं?"

"मी पुसलं वं. धूळ होती."

"बाकीच्या दारांवर नव्हती का?"

सुमनताई पदरानं पुढचं दार पुसू लागली. मग प्रकाश पुढे आला, बिचारा प्रामाणिक माणूस, आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. सलीमभाई शेवटची पेटी बांधत होते. त्यांना वाटलं कौतुकाची वेळ आली.

"मॅडम, खोक होती इत्ती. आतून दाबून काढली. रंगाले धक्का नाही. हात फिरवून पाहा."

तारानं हात फिरवला. डोळे मिटून पुन्हा फिरवला. "भाई, फारच सुंदर केलं तुम्ही. कुठं होती तेही कळून नाही राहिलं." मग ती पायरीवर बसली. "पण आता मले कंपनीले फोन करा लागन."

यज्ञ विस्कटल्यासारखी सगळी गल्ली पायरीभोवती गोळा झाली.

"काहून वं?" सुमनताई म्हणाली. "दिसून राहिलं का काही?"

"नाही."

"मंग?"

तारानं कलम सांगितलं. न विचारता दुरुस्ती झाली. हे लपवलं तर पुढे काही झाल्यावर कंपनी म्हणू शकते की विमा मोडला.

"पुढं काय होते?" प्रकाश म्हणाला. "ताई, तुम्ही एवढी चांगली चालवता."

"उद्या मी आत्याले घेऊन मोठ्या रोडवर जाणार. कोणी ठोकलं, अन् कंपनीनं म्हटलं हिनं आदल्याच दिवशी लपवलं होतं, तं आत्याच्या फुटल्या गुडघ्याचं कोण पाहन? तू?"

प्रकाशनं गुडघ्यांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी मधे पडून सांगितलं की दुसऱ्याच्या इजेचा विमा कायद्याचा असतो, असा सहजासहजी मोडत नाही. "बरोबर असन काका," ती म्हणाली, "पण ते मले आत्याले बसवून नाही तपासायचं."

"मधू गा," सुमनताई मला म्हणाली, "तू पुस्तकातलं बोलू नको. तिले समजाव. कंपनीवाले गाडी घेऊन गेले तं?"

भीती तीच होती. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं की उद्या सुमनताई शरदच्या गाडीत बसणार. नवं लुगडं खाटेवर घडी घालून ठेवलेलं होतं.

तारानं वाघमारेंना फोन लावला, स्पीकरवर, कारण गल्लीनं तशी मागणी केली. तिनं सगळं सांगितलं.

"डेंट दिसतोय का आता?" वाघमारेंचा आवाज.

"नाही."

"मग मॅडम, फोन कशाला केला?"

गल्लीतून एक समाधानाचा हुंकार आला. तारा म्हणाली, "तुमच्याच कागदात लिहिलं आहे." पलीकडे वाघमारेंनी बहुधा कपाळावरचा चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "असं असेल तर मला गाडी बघावी लागेल. सकाळी ऑफिसला आणा. बघितल्याशिवाय पुढं न्या असं मी म्हणू शकत नाही. आणि ठेवून घ्यावी लागली तर उद्या दुसरी गाडी नाही माझ्याकडे, हेही सांगून ठेवतो."

फोन बंद झाल्यावर सुमनताई आत गेली. लुगडं उचलून कपाटात ठेवल्याचा आवाज आला.

सकाळी मात्र तेच लुगडं नेसून ती तयार होती. "मी एसटीनं येईन नागपूरपर्यंत," म्हणाली. "तिनं गाडीत बसवलं नाही म्हणून बस तं बंद नाही झाली." तारानं कबूल केलं. वाघमारेंनी पाहीपर्यंत ती गाडीत कोणालाच बसवणार नव्हती, मलासुद्धा. तेव्हा उमरेडहून आमचा ताफा असा निघाला: पुढे काळ्या पाटीची रिकामी गाडी, मागे लाल बसमध्ये खिडकीशी सुमनताई आणि तिच्या शेजारी मी. बस ओव्हरटेक करायला गेली की सुमनताई पुढचा दांडा घट्ट धरायची. तिनं तो नागपूर येईपर्यंत सोडला नाही.

"एवढी इमानदारी कोणत्या शाळेत शिकवतात?" तिनं विचारलं.

"जर्मनीतल्या."

"तिथं इमानदारीची फी कमी असन," ती म्हणाली. थोड्या वेळानं, "शरदही असाच होता. मार खायाचा, पण सांगून टाकाचा."

वाघमारेंनी गाडीभोवती फेरी मारली, एकदा सरळ, एकदा उलटी. धुळीचा भेद आता राहिला नव्हता, तारानं सकाळी सगळी गाडी धुतली होती. त्यांनी उजवं दार चाचपलं.

"हे नाही, डावं," तारा म्हणाली.

ते डाव्या बाजूला गेले. वाकले. काल काढलेला व्हिडिओ मोबाइलवर लावून दार आणि व्हिडिओ ताडून पाहिले. "कुठं होता?"

सुमनताई पुढे झाली. "इथून इथवर. पोळीएवढा. मधात खोल."

"कोणी मारला?"

ताराचा चेहरा पडला. खोटं तिला बोलता येईना आणि प्रकाशचं नाव घ्यावं तर त्याच्या मागे लचांड. ती तोंड उघडणार तेवढ्यात सुमनताई म्हणाली, "माह्या गल्लीनं."

"नाव लागतं, मावशी."

"माह्यं लिहा. माह्या दारात होती गाडी, अन् ठीक कराले मीच लावली. सुमन. खाली सही पाहिजे तं ते बी देतो."

वाघमारेंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग वरच्या ऑफिसला फोन करायला आत गेले. आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. तारा बोटांची उघडझाप करत होती. सुमनताईनं पिशवीतून संत्रं काढलं, सोललं, फोडी आम्हा तिघांत वाटल्या आणि एक वाटा टेबलावर वाघमारेंसाठी ठेवला.

ते बाहेर आले. "न विचारता काम केलं, त्याची नोंद घेतली. या दारासाठी तुम्हाला क्लेम करता येणार नाही. पण क्लेम करायला दारावर काही उरलंच नाही. गाडी आम्ही तपासली, बाकी विमा चालू. जा तुम्ही." त्यांनी संत्र्याची फोड तोंडात टाकली. "आमच्याकडं लोक बंपर तुटका आणतात आणि म्हणतात असाच होता. तुम्ही धड दार घेऊन आलात." मग आवाज जरा खाली आणून, "त्या डेंटरचा नंबर द्याल का?"

रामटेकला जायचं तर कामठीवरून कन्हान नदी ओलांडायची, मनसरपर्यंत मोठा हमरस्ता आणि तिथून उजवीकडे. टोल लागतो, फास्टॅग गाडीला असतो आणि हिशेब गाडी परत देताना होतो. सुमनताई पुढच्या सीटवर बसली. तारानं तिला पट्टा लावला, पाठ मागे झुकवली, काच थोडी खाली केली. ताईनं आधी सगळी बटणं पाहून घेतली. मग हात मांडीवर ठेवले आणि रस्ता पाहू लागली.

कन्हानचा पूल ओलांडला आणि ती झोपली.

तारानं दोनदा वळून पाहिलं. "काका, आत्या झोपली?" मी होय म्हटलं. तिचा हिरमोड झाला असावा. केवढी यातायात करून आणलेली सफर, आणि मुख्य पाहुणी मान कलंडून घोरते आहे. दोन्ही बाजूंना कापणी झालेली धानाची शेतं, मळणीचे ढीग, पुढे टेकडीवर देवळांची पांढरी रांग. सगळं आम्हा दोघांनाच पाहावं लागलं. तारा ट्रकांच्या मधून अशी चालवत होती की बाटलीतलं पाणी डचमळू नये.

गडावर गाडी थेट वरपर्यंत जाते. वर लंगूर आहेत, आणि त्यांतल्या एकानं आमच्या बॉनेटवर बसून वायपर हातात घेतला. "हे कागदात आहे का वं?" सुमनताईनं विचारलं. तारानं आधी फोटो काढला आणि मग त्याला हुसकलं. दर्शन झालं. वरून खिंडसी तलावाचं पाणी आणि शेतांचे चौकोन दिसतात, तिथे ताई बराच वेळ उभी राहिली. उतरताना उकडलेले शिंगाडे घेतले आणि रामटेकचं पान. ज्यांना घाई आहे त्यांनी इथे अंबाळा तलावाकडे जाऊ नये, कारण मग घाई राहत नाही. आम्हाला नव्हती, आम्ही गेलो.

परतीच्या वाटेवर ती पुन्हा झोपली.

गाडी दुसऱ्या दिवशी परत दिली. वाघमारेंनी तपासून अनामत मोकळी केली आणि ताराला विचारलं की पुन्हा कधी येणार. सुमनताई रामटेकहून आल्यापासून आमच्याकडेच थांबली होती. परदेशातून कोणी आप्त येऊन गाडी मागत असेल तर माझा सल्ला असा: परवाना घरून आणायला सांगा, जास्तीचा भार कमी करणारे रोजचे पैसे भरा, कागद वाचा. आणि गाडी गल्लीत लावणार असाल तर तो कागद गल्लीलाही वाचून दाखवा, कारण आपल्याकडे प्रेम फार तत्पर असतं आणि फोटोसाठी थांबत नाही. ताराला मी आतापर्यंत जरा आखडू समजत होतो. आता समजत नाही. इतवारीत ठेल्यामागून न वाजवता गेलेली ती गाडी, आणि गल्लीचं मन न मोडता गल्लीविरुद्ध जाणारी ती पोर, दोन्ही मला एकाच हाताचं काम वाटतं.

तारा निघायच्या आधी शरदचा फोन आला. सुमनताईनं मोबाइल कानापासून हातभर लांब धरला, ती नेहमी तसाच धरते.

"गेली होती का वं ताई रामटेकले?"

"गेली. तुह्या गाडीत."

"रस्ता कसा होता?"

"रस्ता मले काय माहीत."

"म्हणजे?"

"कन्हानच्या पुढचं नाही पाहिलं. डोळा लागला."

ज्या बहिणीला त्यानं लहानपणापासून बसमध्ये दांडा धरून ताठ बसलेलं पाहिलं होतं, तिच्याबद्दल त्याला आणखी काही विचारायचं उरलं नसावं.

"मंग चांगली चालवते," शरद म्हणाला.